एकच लॉगिन चालेल, पण ते हरवलं तर जायचं कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अकरावीत असताना तिचं शिष्यवृत्तीचं खातं आम्ही बाजारपेठेतल्या एका केंद्रावर काढून घेतलं, तेव्हा घरात एकच फोन, तोही साधा, म्हणून केंद्रवाल्याने स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकला आणि आम्हालाही वाटलं चला काम झालं. आता ते केंद्र बंद झालंय, तो मुलगा गाव सोडून गेला, नंबर लागत नाही, आणि ओटीपी मात्र त्याच नंबरवर जातो. नवीन खातं काढायला गेलो तर या आधारवर आधीच नोंदणी आहे असं येतं. हेल्पलाइनला तीन मेल केले, उत्तर नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'मेरी पहचान' आणलं, म्हणजे डिजिलॉकर, ई-प्रमाण किंवा जन परिचय यातल्या कुठल्याही एका खात्यावरून बाकीच्या सरकारी साइटवर जाता येतं. मी याच्या विरोधात नाहीये, उलट दहा पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, शिवाय पासवर्ड एकाच जागी राहतो, पुढच्या साइटला फक्त हा माणूस तोच आहे एवढा निरोप जातो. पण आज एक खातं अडकलं तर नुसती शिष्यवृत्ती अडकलीये, उद्या मार्कशीट, दाखले, सगळंच एका खात्यावर आलं आणि तेच अडकलं तर?

सिंगापूरला असं एकच खातं २००३ पासून आहे, पण तिथं अडलेल्या माणसासाठी काउंटरही आहेत. आपल्याकडे तहसीलला नाहीतर कॉलेजातच अशी एक खिडकी करा, पोरीने आधार आणि आयकार्ड घेऊन समोर उभं राहायचं, कर्मचाऱ्याने बघून नंबर बदलून द्यायचा आणि पावती द्यायची. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर त्यात अपील करता येतं. हरवलेलं खातं परत मिळवून देणं ही सेवा त्या यादीत घाला ना! आणि केंद्रवाल्यांनी दुसऱ्याच्या खात्यात स्वतःचा नंबर टाकायचा नाही, हेही सक्तीने सांगा.

मुलगी अजून रोज रात्री आठवतील ते जुने पासवर्ड टाकून बघते.

एक पालक, ता. बार्शी