व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले. मुंबईची मंडळी येतील, घरोघरी आरतीला जाणं-येणं सुरू होईल. माझ्या यजमानांनाही बोलावणी येतील. सहा वर्षांपूर्वी हापूस उतरवताना ते झाडावरून पडले, मणक्याला मार बसला आणि कमरेखालची संवेदना गेली. तेव्हापासून व्हीलचेअर आहे. आंब्या-माडावरून पडून अशी वेळ आलेली घरं कोकणात आणखीही आहेत, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे कुणाच्याही घरी जायचं म्हणजे आधी पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, मग अंगणाची पायरी, मग पडवी. माणसं प्रेमाची आहेत. खुर्ची दिसली की चौघं धावतात आणि पालखी उचलावी तशी उचलतात. गेल्या वर्षी एका घरी पुढच्याने फूटरेस्ट, म्हणजे पाय ठेवायचा भाग, धरला होता. तो काढता-घालता येतो हे त्याला कुठून ठाऊक असणार? मधल्या पायरीवर फूटरेस्ट निघून त्याच्या हातात आला आणि खुर्ची पुढे कलली. मागच्या मुलाने हँडल सोडलं नाही म्हणून हे वाचले. पण पाय जांभ्यावर घासला होता आणि यांना ते कळलंही नाही. रात्री मोजा काढला तेव्हा मला रक्त दिसलं. ती जखम भरायला दोन महिने गेले.

म्हणून कळकळीने सांगते, आधी खुर्चीतल्या माणसाला विचारा. कुठे धरायचं, किती जण हवेत, हे त्याला रोजच्या अनुभवाने माहीत असतं. फूटरेस्ट किंवा हात टेकायचा आर्मरेस्ट धरून कधीच उचलू नका. पक्की फ्रेमच धरा. पट्टा असेल तर बांधा, पाय फूटरेस्टवर नीट आहेत ना ते बघा.

एकच पायरी किंवा रस्त्याची कड चढायची असेल तर खुर्चीचं तोंड पायरीकडे करा. मागे खाली जो छोटा दांडा असतो, त्यावर पाय दाबून हँडल आपल्याकडे ओढलं की पुढची लहान चाकं उचलली जातात. ती वर टेकवायची, मोठी चाकं पायरीला भिडेपर्यंत पुढे जायचं आणि मग हँडल उचलून ढकलायचं. उतरताना उलट: खुर्ची पाठमोरी आणा, आधी मोठी चाकं हळूहळू खाली सोडा. तोंड पुढे ठेवून धाडकन उतरवलं तर माणूस खुर्चीतून पुढे फेकला जातो.

जास्त पायऱ्या असतील तर चढताना काय, उतरताना काय, खुर्चीचं तोंड उताराकडेच हवं. ताकदीचा माणूस मागे हँडलला, दुसरा खालच्या बाजूला फ्रेम धरून. खुर्ची मागे कलती ठेवून मोठी चाकं एकेका पायरीवरून न्यायची, दर पायरीला थांबायचं. ब्रेक तेव्हा सोडलेले हवेत, टेकल्यावर लावायचे. "एक, दोन, तीन" एकानेच म्हणायचं. आमच्याकडे हेच म्हणतात. बॅटरीची खुर्ची फार जड असते, ती माणसासकट पायऱ्यांवरून नेऊच नका. आणि पावसात जांभ्यावर शेवाळ धरलेलं असेल तर आधी पायरी घासून काढा, नाहीतर त्या दिवशी जाऊ नका. आरती अंगणातूनही ऐकता येते.

खरं तर हे उचलणंच कमी व्हायला हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत दिली होती, ती केव्हाच उलटली. आमच्या भागातल्या एका कार्यालयाला रॅम्प आहे, पण इतका उभा की दोघांनी ढकलूनही खुर्ची मागे येते. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे बांधणाऱ्याने मोजायला नको का? गणेशोत्सव मंडळांनी तरी मंडपाच्या सहा इंची पायरीपुढे सहा फुटांची मजबूत फळी टाकावी, एवढी विनंती छापावी.

गेल्या रविवारी वाडीतल्या मुलांनी आमच्या पाखाडीवर सराव केला. खुर्चीत आधी तांदळाचं पोतं बांधलं, तीनदा वर-खाली नेलं. मग हे स्वतः बसले आणि मोजायला लागले.

आपली,
एक वाचक,
रत्नागिरी तालुका