समुद्रात पवनचक्कीचा पहिला खांब रोवण्याआधी तिथल्या जिवांची मोजणी करा: केंद्रीय नवीकरणीय ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जामंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी कोल्हापूरचा. रंकाळ्यावर पहाटे पक्षी बघत आलो. समुद्र आमच्या घाटाखाली, तरीही समुद्रातल्या पवनचक्क्यांबद्दल लिहितोय, कारण जमिनीवरच्या पवनचक्क्यांनी काय होतं ते शेजारच्या सातारा जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, दिसलं आहे.

तिथे एक सरडा आहे. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढतो, मान उंचावतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, केशरी. क्षणात मिटतो, पुन्हा उघडतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा या सड्यावरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जेमतेम पाव हिस्सा. वरून झडप घालणारं कुणी उरलं नाही, तेव्हा सरडे वाढले. पण ते अंगाने खंगले आणि त्यांच्या पंख्याचा रंग फिका पडला. हे उमगलं कधी, तर पाती फिरू लागून दीड-दोन दशकं उलटल्यावर, तेही शेजारच्या मोकळ्या सड्याशी ताडून. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेतल्या यादीत पवनचक्क्या नाहीतच, मग आधी मोजणार कोण?

पवनऊर्जेला माझा विरोध नाही. पंचगंगेचा 2019 चा आणि 2021 चा महापूर अंगावर घेतलेल्या शहराला कोळशाला पर्याय हवाच आहे.

जून 2024 मध्ये मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी 7,453 कोटी रुपये मंजूर केले. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत प्रत्येकी 500 मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी 6,853 कोटी, दोन बंदरांसाठी 600 कोटी. बेरीज तिथेच संपते. समुद्रातल्या जिवांच्या मोजणीचा वेगळा आकडा त्यात नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

डेन्मार्कने हॉर्न्स रेव्ह आणि न्यूस्टेड या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पांच्या जागी खांब उभे राहण्याआधीपासून नोंदी ठेवल्या. म्हणून तर कळलं की समुद्री बदकांचे बहुतेक थवे पवनचक्क्यांना वळसा घालून जातात आणि न्यूस्टेडला डॉल्फिनसारखे पॉरपॉइज कमी झाले, ते फार सावकाश परतले. खांब ठोकतानाचा आवाज पाण्यात लांबवर जातो. जर्मनीत 750 मीटरवर 160 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पाळण्यासाठी खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज आपल्याही पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्याच्यासाठी आपली मर्यादा किती, हे निविदेतच लिहा.

आपल्या समुद्रात अजून एकही पवनचक्की उभी नाही, म्हणून हे आत्ता मागतोय. पहिला खांब रोवण्याआधी किमान दोन वर्षं, पावसाळा आणि हिवाळी स्थलांतर धरून, मोजणी करा. पाण्याखाली ध्वनिग्राहक ठेवा, पक्ष्यांसाठी रडार लावा. रोज त्या पाण्यात जाळं टाकणाऱ्या मच्छीमारांना मानधन देऊन नोंदीच्या कामात घ्या. कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठे लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? खांब उभारताना आणि नंतरही मोजणी चालू ठेवा. पैसे कंपनीने भरावेत, पण मोजणारी संस्था कंपनीने नेमू नये. आणि आकडे जसेच्या तसे सगळ्यांना खुले करा, म्हणजे आमच्या शिवाजी विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ते तपासता येतील.

पुढची निविदा निघण्याआधी या मोजणीसाठी किती रक्कम ठेवली ते जाहीर करावं, ही विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, कोल्हापूर