पाळणाघर वस्तीतच हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू नि कापलेला तेंदूपत्ता, आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे हजार पुरे होईपर्यंत ती उठत नसे. त्याच घरात आज मी लॅपटॉप घेऊन बसते. पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम आहे, आणि अडीच वर्षांचा मुलगा जवळ असतो.

गेल्या महिन्यात ऐन मीटिंगच्या वेळी नळाला पाणी आलं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोलापुरात कुणी सोडत नाही. मोटर लावली, आतल्या खोलीला कडी घातली आणि कानाला हेडफोन लावला. बाहेर पोरगं रडत होतं. थोड्या वेळानं आवाज थांबला. मला बरं वाटलं. दार उघडलं तेव्हा तो भरलेल्या बादलीवर ओणवा झाला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. त्याला काही झालं नाही. पण तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मनातून जात नाही.

"घरीच तर असतेस," असं मला सगळे म्हणतात. अम्मानंही आयुष्यभर हेच ऐकलं. तिचे गुडघे आता गेलेत, नातवामागे तिला पळवणं मला पटत नाही.

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. ज्या कारखान्यात बायका मोठ्या संख्येनं कामाला, तिथं मुलांसाठी खोली ठेवायची असं त्यात होतं. पण विड्या घरोघरी वळल्या जाऊ लागल्यावर ती खोली कुणाच्या वाट्याला येणार? पुढे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. ते कंपनीच्या जागेजवळ असणार. पुण्यातल्या पाळणाघराचा सोलापूरच्या साखर पेठेतल्या मुलाला काय उपयोग? दोन्ही वेळा पाळणाघर मालकाच्या जागेशी बांधलं गेलं, आणि घरी काम करणारी आई बाहेरच राहिली.

केंद्राच्या 'मिशन शक्ती'त 'पाळणा' योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं दिवसभर सांभाळण्यासाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय तीत आहे. आमच्याकडे अंगणवाडी दुपारी सुटते, आणि खरी ओढाताण त्यानंतरच सुरू होते. महापालिका आणि महिला व बालविकास विभागानं शहराच्या पूर्व भागात आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत अशी पाळणाघरं सुरू करावीत. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असावी. तिथं विडी वळणाऱ्या बाईचं मूल आणि माझं मूल एकत्र वाढलं तर मला आनंदच आहे. माझ्याकडून फी घ्या. तिच्याकडून मात्र घेऊ नका.

आपली,
एक आई, साखर पेठ, सोलापूर