सिस्टर, तुम्ही घड्याळ काढून ठेवलंत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

आजारानंतर योग शिकवून तुम्ही मला उभं केलंत, पण तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मागे एकदा सुरुवात केली, तर "बुवा, चाय थंड होता" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांत लिहितोय, इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

पावसाच्या सुरुवातीला मला फ्लू झाला. ताप उतरला आणि जाताना अंगातली ताकद घेऊन गेला. आंघोळ केली की खाटेवर आडवं व्हायचं, ओटीवरून परसात जायचं तर वाटेत खांब धरून उभं राहायचं. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाला दमवणारा मी, मला 'जय जय राम कृष्ण हरी' एका श्वासात पुरं होईना. चवथ तोंडावर आली होती. मंडळातली पोरं पेटी-पखवाज काढायची आणि माझ्याकडे न बघता सराव करायची, ते जास्त लागायचं.

तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी मोबाइलवरची नजर न काढता सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनातून काढून टाका." मग कुणीतरी एका योगशिबिरात नेलं. तिथे माइकवरून हुकूम सुटत होते: कपालभाती करा, जोरात, अजून जोरात, विषाणू बाहेर फेकला जाईल! डोळ्यांसमोर अंधारी आली तर म्हणे, "घाण निघतेय." पुढचे दिवस मी उठूच शकलो नाही. कपालभाती ही हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक, नुकत्या तापातून उठलेल्या माणसाला द्यायची ती गोष्टच नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या माइकवाल्याला कुणी सांगितलंय की नाही, देव जाणे.

आणि मग तुम्ही आलात. भर पावसात, छत्री दारात उभी करून. बायकोने खुर्ची पुढे केली, तुम्ही जमिनीवरच बसलात. मला वाटलं, आता नाडी धरणार, प्रश्न विचारणार. तुम्ही आधी मनगटावरचं घड्याळ सोडलंत, पर्समध्ये टाकलंत, चेन ओढलीत आणि पर्स मागे सारलीत. मग म्हणालात, "आज कायएक करूचा नाय. नुसता पालथा पडान ऱ्हवा. श्वास खंय जाता, तेवढा बघा."

एवढंच. आयुष्यभर आरोग्यखात्यात घड्याळाच्या काट्यावर नोकरी केलेल्या बाईने माझ्यासाठी घड्याळ काढून ठेवलं. त्या आजारात माझ्याशी बोलणारा प्रत्येक जण कुठेतरी जायच्या घाईत होता. तुम्ही नव्हता. मी पालथा पडलो, कपाळ हातांवर टेकलं आणि रडलो. तुम्ही बघितलंत, पण काही बोलला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

पुढचं सगळं तसं साधंच. मकरासनात, म्हणजे त्या पालथं पडण्यात, पोट जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे श्वास छातीत अडकतोय की खाली पोटापर्यंत पोचतोय, ते आपलं आपल्याला कळतं. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवायचं, म्हणजे हृदयाची धडधड खाली येते. बऱ्याच दिवसांनी सेतुबंधासन, म्हणजे उताणं झोपून कंबर वर उचलायची, तेही कंबरेखाली उशी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त थकवा वाटला तर व्यायाम निम्मा करायचा, हा तुमचा कायदा. ऑक्सिमीटरवर आकडा 94 च्या खाली दिसला तर आसन-बिसन नाही, थेट हॉस्पिटल, हा दुसरा. "योगाने विषाणू मरत नाय, तो तुमच्या शरीरान कधीच मारल्यान," असं स्वच्छ सांगणारा योगशिक्षक मला पहिल्यांदाच भेटला.

मला आवडली ती भ्रामरी. तोंड मिटून नुसतं गुणगुणायचं, हे तर आमचंच काम! 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं होतं म्हणे, की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड नुसत्या उच्छ्वासापेक्षा सुमारे 15 पट असतो आणि हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. माझे वडील गोठ्यात चारा घालतानाही गुणगुणायचे. त्यांना हे कळलं असतं तर वाडीत फार भाव खाल्ला असता. माझा आवाज परत आला तो त्या गुणगुणण्यातूनच, आधी खालच्या सुरात, मग हळूहळू वर.

चवथीला मी बसून दोन अभंग म्हटले. गजर पोरांनी सांभाळला. धाप लागली नाही असं नाही, पण अभंग पुरे झाले.

माणसं मोठमोठी शिबिरं घेतात, बॅनर लावतात, ते चालू दे. पण आपल्या कोकणात पावसात दुसऱ्याच्या वाडीत चालत जाणारी, चहाशिवाय काही न घेणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांचा कुठे बॅनर नसतो. मी फीचं पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही त्यावर पेनाने माझ्या व्यायामाचं वेळापत्रक लिहून परत दिलंत. आंबे पाठवावे म्हटलं तर तुमची स्वतःचीच कलमं.

एक काम मात्र तुम्हाला न विचारता केलंय. आमच्या वाडीत आणखी दोघं तापातून उठून धापा टाकतायत. त्यांना तुमचं नाव सांगितलं. रागावू नका. शनिवारी दोघांना आमच्या ओटीवरच बोलवतो, चटया आणि चहा माझ्याकडे.

तुमचा,
बुवा