कोरकू मुलांना मराठी यायला हवी, म्हणूनच पहिलीत कोरकू हवी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आले. त्या वादात सगळी चर्चा तिसऱ्या भाषेची झाली. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू आदिवासी मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि पहिलीपासूनची इंग्रजी तिसरी. त्याची पहिली भाषा वेळापत्रकात कुठेच नाही.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा भाषाकुळातली, झारखंडकडच्या संथाली-मुंडारी भाषांची बहीण. पाणी म्हणजे ‘दा’, घर म्हणजे ‘उरा’, दहा म्हणजे ‘गेल’. तिच्यात क्रियापद पुल्लिंगी-स्त्रीलिंगी होत नाही. म्हणून मूल ‘आई आला’ म्हणते. ते मंद नाही, आपल्या भाषेचा नियम पाळते आहे. तिथे लाल फुली मारून काही साधत नाही. ‘बाबा आला, आई आली, पोरगं आलं’ हे खेळातून रोज तोंडी घोळवावे लागते. उलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक कोरकूतही आहे, तो मुलाला शिकवावाच लागत नाही. असे दुवे शिक्षकाच्या हाती द्यायला हवेत.

सर्वात मोठी फसगत वाचनात होते. वर्षभरात मूल देवनागरी जुळवून धडा घडाघडा वाचते आणि ‘वाचन येते’ अशी नोंद होते. त्याच धड्यात काय घडले, हे कोरकूत विचारले तर ते गप्प. तिसरी-चौथीत परिसर अभ्यास आणि शाब्दिक उदाहरणे आली की हे उघडे पडते. वजाबाकी त्याला येते. अडते ते ‘पेक्षा’ आणि ‘उरले’ या शब्दांवर. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आणली, तेव्हा तिची टिंगल झाली. पण ‘पंचवीस’पर्यंत पोचायला या मुलांना ‘वीस पाच’ची पायरी खरोखर उपयोगी आहे.

आमची मागणी अशी. प्रवेश अर्जात घरच्या भाषेचा रकाना असावा. पहिलीच्या पहिल्या सत्रात वाचन-लेखन कोरकूत, देवनागरीतूनच, कोरकूत वारंवार येणाऱ्या अक्षरांपासून. घशात तोडल्या जाणाऱ्या उच्चारासाठी एकच चिन्ह आधी ठरवावे. मराठी त्या काळात फक्त तोंडी: रोज चाळीस मिनिटे गाणी, सूचना, वस्तू हाताळत बोलणे. दुसऱ्या सत्रात तीच अक्षरे, पण कानावरून गेलेल्या मराठी शब्दांत. दुसरीपासून मराठी मजकूर आणि त्यावरची चर्चा कोरकूत. लिपी एकच असल्याने मूल नव्याने वाचायला शिकत नाही, फक्त भाषा बदलते.

यासाठी गावातली बारावी झालेली कोरकू भाषिक मदतनीस हवी. तिचे काम शासन निर्णयात स्पष्ट लिहावे, नाहीतर ती खिचडी वाटण्यात अडकते. आणखी एक धोका आहे. गुरुजींच्या प्रत्येक वाक्याचा तिने लगेच अनुवाद केला, तर मुले मराठीकडे कान देणेच सोडतात. तासाचे भाषेनुसार वेगळे भाग असावेत.

पालकांना ‘घरी मराठी बोला’ असे सांगणे थांबवावे. त्यांची मराठी बाजारापुरती असते. तेवढ्यात मुलाचे ‘का’ आणि ‘कसे’ मावत नाहीत. त्यांनी कोरकूत भरपूर बोलावे, गोष्टी सांगाव्यात.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याला कायद्याचा आधार आहेच: संविधानातील अनुच्छेद ३५०-क आणि शिक्षण हक्क कायद्यातील कलम २९. ओडिशाने आदिवासी भाषांतून असे शिक्षण २००६-०७ पासूनच सुरू केले.

महाराष्ट्रात अडचण विभागांमधल्या वाटणीची आहे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, जिल्हा परिषदेची शाळा आपल्या शालेय शिक्षण विभागाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे; मूल मात्र एकच. तिन्ही विभागांचा एक संयुक्त शासन निर्णय काढावा, आणि त्यात कोरकू येणाऱ्या शिक्षकाची पहिली-दुसरीच्या वर्गावरून दोन वर्षे बदली होणार नाही, अशी अट घालावी.

आपले,
मेळघाटातील भाषा-शिक्षणाचे कार्यकर्ते