पाचगणीच्या पोराचं गाणं

म्युनिक

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला यंदाही येणं जमत नाहीये. म्हणून दादाच्या फोनवर एक गाणं पाठवलंय. इंग्रजी आहे. बाबा, पहिल्या ठेक्यालाच "काय ही ढँणढँण" म्हणून बंद करायला लावू नका. गाणं १९८५चं आहे, म्हणजे तुमच्या लग्नाच्या वर्षीचं. आणि गाणारा आपल्या पाचगणीत शिकलेला आहे.

फ्रेडी मर्क्युरी. खरं नाव फारुख बलसारा, पारशी. १९४६ला झांजिबारमध्ये जन्मला. वडील तिथे ब्रिटिशांच्या नोकरीत कॅशियर होते. त्यांनी आठ वर्षांच्या पोराला पाचगणीला सेंट पीटर्सच्या बोर्डिंगात धाडलं. आई, तू म्हणशील, एवढंसं लेकरू आणि समुद्रापलीकडे? मला नुसतं पुण्याला कॉलेजात सोडताना तू स्वारगेटवर जो गोंधळ घातला होतास, तो सगळ्या स्टँडनं पाहिलाय. बाबा, तुम्ही इतकी वर्षं ज्या पसरणी घाटातून एसटी वर नेलीत, त्याच घाटानं तोही गेला असणार. शाळेत मित्रांना घेऊन त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे १९६४ला झांजिबारात क्रांती झाली आणि बलसारा मंडळी घरदार सोडून लंडनजवळ फेल्टमला गेली.

तिथून तो 'क्वीन' बँडचा गायक कसा झाला ते लांबण आहे, दादाला माहीत आहे, त्याला विचारा. त्या वेळी इंग्लंडात ग्लॅम रॉकची हवा होती. पुरुषांनी साटिनचे कपडे घालायचे, डोळ्यांत काजळ, उंच टाचांचे बूट, आणि स्टेजवर मिरवायचं. हा त्यातलाच. एका हाताची नखं काळी रंगवायचा. बाबा, आपल्याकडे तमाशातला नाच्या पाहून कुणी भुवया उंचावत नाही, तेव्हा इथेही उंचावू नका.

१९८५पर्यंत त्यानं केस कापले होते, मिशा ठेवल्या होत्या. क्वीनमधल्या ड्रमवाल्या रॉजर टेलरनं आणि गिटारवाल्या ब्रायन मेनं आपापल्या नावानं रेकॉर्डी काढून झाल्या होत्या. यानंही काढली, 'मिस्टर बॅड गाय'. त्यातली सगळी गाणी त्याची स्वतःची. अल्बम त्यानं आपल्या जेरी नावाच्या मांजराला अर्पण केलाय! त्या अल्बमच्या आधी, एप्रिलमध्ये, हे गाणं आलं: 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'. तुझ्यावर प्रेम करायलाच मी जन्मलो, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते तो तीन-साडेतीन मिनिटं सांगत राहतो. शब्दांत फार काही शोधू नका, नाहीच आहे. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत इंग्लंडात ते अकराव्या नंबरापर्यंत गेलं, अमेरिकेत शहात्तरच्या वर सरकलं नाही.

पण बाबा, आवाज ऐका. मागे नुसता कीबोर्ड आणि नाचाचा ठेका, क्वीनची ती भरगच्च गिटार नाही. त्यामुळे सगळा भार गळ्यावर. तो वर चढतो तेव्हा आवाज कुठे पातळ होत नाही, आणि ओळ संपवताना श्वास उरल्यासारखी सोडतो. तुम्ही रेडिओवर नाट्यसंगीत लागलं की "ह्याला म्हणतात दमसास" म्हणता ना, ते इथेही म्हणाल अशी माझी खात्री आहे.

हे रेकॉर्डिंग झालं आमच्या म्युनिकमध्ये. माझ्या बसच्या रस्त्यावर अराबेलाची उंच इमारत लागते. तिच्या तळघरात म्युझिकलँड नावाचा स्टुडिओ होता. आता काही खूण नाही. खालून भुयारी रेल्वे आली, तिची थरथर रेकॉर्डिंगला नडायला लागली, असं इथे सांगतात. ड्रम वाजवणारा कर्ट क्रेस इथलाच, जर्मन. पाचगणीहून निघालेला पोरगा फिरतफिरत माझ्या ऑफिसच्या वाटेवर गाऊन गेला, याचं मला उगाच कौतुक वाटतं.

एक गोष्ट सांगायची होती. व्हिडिओत तो एका बाईच्या मागे धावतो, पण त्याचं प्रेम पुरुषांवरही होतं. त्याबद्दल जाहीरपणे तो बोलायचं टाळायचा. म्हणजे प्रेमाचं एवढं ओरडून सांगणाऱ्याला स्वतःचं मात्र झाकूनच ठेवावं लागलं. एड्सनं तो १९९१च्या नोव्हेंबरात गेला, पंचेचाळीस वर्षांचा. अंत्यविधी पारशी पद्धतीनं झाले.

हेच गाणं का, तर आपल्या घरात असलं काही कुणी बोलत नाही. बाबा, तुम्ही आईला मोगऱ्याचा गजरा आणता तोसुद्धा देवाच्या फुलांच्या पुडीत घालून. आई पण काही कमी नाही, "कशाला आणला" म्हणते आणि लगेच माळते. तुम्ही तसेच बरे आहात, बदलायला सांगत नाहीये. पण वर्षातून एकदा कुणीतरी तुमच्या वतीनं जोरात म्हणायला काय हरकत आहे?

दादाला म्हणावं, फोनवर नको, मोठ्या स्पीकरवर लाव. १९९५ला क्वीनच्या बाकीच्यांनी याच आवाजामागे आपली गिटार-ड्रम वाजवून गाणं पुन्हा काढलं, तेही पाठवलंय. मला मूळचंच आवडतं, दादाला दुसरं. बाबा, तुमचं मत रविवारच्या फोनवर सांगा, आमची पैज लागलीय. आणि आईच्या गुडघ्याचं औषध संपलं असेल तर आधी ते आणा.

तुमची,
धाकटी