सईच्या गिटारनिमित्ताने

रेडिंग,
रविवार दुपार

प्रिय मंद्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तरही तसंच बोलून द्यायला बसलो असतो तर गाडी कुठच्या कुठे गेली असती, म्हणून आपलं लिहितोय. सई दिवसभर कानात स्लोडाइव्ह, म्हणजे आपला तो नव्वदच्या दशकातला ब्रिटिश ‘शूगेझ’ बँड, लावून बसते, आता तिला ‘तसला’ आवाज काढणारं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाने दाबायची डबी, हवंय, आणि घरात गिटार हातात धरलेला तू एकटाच म्हणून दादा-वहिनींनी प्रकरण तुझ्या गळ्यात टाकलंय. तू विचारतोस, आपण हॉस्टेलवर ऐकायचो तेव्हाही जे जुनं झालेलं होतं, ते या सतरा वर्षांच्या पोरीपर्यंत पोचलं कसं? आणि पैसे घालायचे कशावर? पेडलचं शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू तेवढंच वाचशील.

स्लोडाइव्ह ही माझ्या गावची पोरं, बरं का. आपल्या लोकांत रेडिंगची ओळख म्हणजे आयटीची नोकरी आणि लंडनला जाणारी गाडी. लोअर अर्लीच्या बाजूला शनिवारी नुसती चक्कर मारलीस तरी मराठी कानावर पडेल. पण याच गावात रेचल गॉसवेल आणि नील हॉल्स्टेड प्राथमिक शाळेपासून एकत्र वाढले आणि १९८९ मध्ये त्यांनी बँड काढला. त्यांना गिटार वाजवणारी मुलगी हवी होती. जाहिरातीला उत्तर आलं ते ख्रिश्चन सॅव्हिल नावाच्या मुलाचं. हवं तर फ्रॉक घालून वाजवतो म्हणाला. घेतला. आजही तोच वाजवतोय. चॅप्टरहाउस हा याच पठडीतला बँडही रेडिंगचाच. राइड आणि स्वर्व्हड्रायव्हर ऑक्सफर्डचे, म्हणजे इथून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. एवढ्या पट्ट्यात हे सगळं उगवलं, आणि गावात विचारशील तर निम्म्यांना पत्ता नाही. इथे ऑगस्टमधला रेडिंग फेस्टिव्हल म्हटलं की लोकांना आधी चिखल आणि बंद रस्ते आठवतात.

पण मुळापासून धरायचं तर आधी माय ब्लडी व्हॅलेंटाइन. १९८३ साली डब्लिनमध्ये जमलेला आणि पुढे लंडनला येऊन स्थिरावलेला बँड. त्यांच्याआधी जीझस अँड मेरी चेन या बँडने १९८५ मध्ये गोड गोड चालींवर फीडबॅकचा, म्हणजे अ‍ॅम्पसमोर गिटार धरली की उठतो तो, चरचराट ओतून दाखवला होता, आणि कॉक्टो ट्विन्स या दुसऱ्या बँडने गिटारचं धुकं करून त्यात गायिकेचे शब्द विरघळवून टाकले होते. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा गिटारवाला केव्हिन शील्ड्स याने हे दोन्ही उचललं आणि वर स्वतःची एक करामत घातली. ती तुला सविस्तर सांगतो, कारण पत्र ठेवलंस की तू करून बघणार हे मला माहीत आहे.

जॅझमास्टर गिटारला ट्रेमोलोचा दांडा असतो, तारा किंचित सैल-घट्ट करणारा. बाकीचे वाजवणारे आधी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवतात, मग दांडा हलवतात. शील्ड्स दांडा तळहातात धरूनच स्ट्रम करतो. हात खाली-वर जाईल तसा दांडाही दबतो, उठतो, आणि अख्खी कॉर्ड पाव-अर्ध्या सुराने उतरते नि परत चढते. मींड म्हणू नकोस. मींड एका सुरावरून निघून दुसऱ्यावर जाऊन बसते. इथे कॉर्ड कुठेच जात नाही, जागच्या जागी डुलत राहते. त्यावर यामाहाच्या एसपीएक्स ९० या इफेक्ट यंत्रामधला उलटा रिव्हर्ब, म्हणजे मागून पुढे वाजल्यासारखा घुमारा, आणि मूळचा कोरडा आवाज जवळजवळ बंद. त्यामुळे पिक तारेवर आदळल्याचा ठोका निघून जातो. सूर नेमका कधी सुरू झाला हेच कानाला सापडत नाही. लोकांना वाटतं शंभर गिटारी एकावर एक रचल्यात. शील्ड्स कायम सांगत आलाय की लोक समजतात त्यापेक्षा फारच थोड्या आहेत.

आणि जॅझमास्टरच का, तर ती स्वस्त होती म्हणून! फेंडरने १९५८ मध्ये जॅझवाल्यांसाठी काढली, जॅझवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सेकंडहँड बाजारात पडून भाव उतरले आणि खिशात दमडी नसलेल्या पोरांच्या हातात गेली. आज त्याच गिटारीच्या किमती ऐकून तू खुर्चीत बसशील.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ अल्बम आला ४ नोव्हेंबर १९९१ ला. दोनेक वर्षं रेकॉर्डिंग, एकोणीस स्टुडिओ, आणि खर्च अडीच लाख पौंडांच्या आसपास अशी वदंता. शील्ड्सला हा आकडा मान्य नाही. ड्रमर कोलम ओ कीसोग त्या काळात आजारी, म्हणून बहुतेक ड्रम त्याच्याच वाजवण्याचे तुकडे घेऊन जोडलेले. गायिका बिलिंडा बुचरला पहाटे-सकाळी झोपेतून उठवून गायला उभं करत, म्हणून तो आवाज तसा अर्धवट जागा. स्टुडिओच्या काचेवर पडदे लावलेले, आतलं बाहेरच्या तंत्रज्ञांना दिसू नये म्हणून. क्रिएशन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक अ‍ॅलन मॅगी इतका वैतागला, की अल्बम बाहेर पडल्यावर त्याने बँडला नारळ दिला.

तुला आठवतंय का, हॉस्टेलभर फाइली वाटायच्या त्या डीसी प्लस प्लसवर कुणीतरी तो अल्बम ठेवला होता आणि तू ठामपणे सांगितलंस की फाइल करप्ट आहे? दुसऱ्या विंगमधून पुन्हा उतरवून आणलास, तीही ‘करप्ट’. मग रात्री मेसवरून आल्यावर आपण ती करप्ट फाइल संपेपर्यंत ऐकली. तेव्हा इंग्रजी गाण्यांचे शब्द कळत नाहीत म्हणून आपण त्या कॉन्व्हेंटवाल्यांपुढे जरा दबूनच असायचो. या गाण्यांत काय म्हणतायत ते त्यांनाही कळत नव्हतं. खुद्द बँडच्या गावच्या लोकांनाही कळत नव्हतं. सगळे एका पंगतीत. सईच्या प्रश्नाचं माझं उत्तर मंद्या, इथेच कुठेतरी आहे.

कारण बघ, त्या काळच्या ब्रिटिश पत्रकारांचा राग नेमका यावरच होता. हे स्टेजवर काही बोलत नाहीत, लोकांकडे बघत नाहीत, पायाजवळच्या पेडलांत डोळे घालून उभे राहतात, गाण्यात काही सांगत नाहीत. शूगेझ, म्हणजे बुटांकडे टक लावणं, हे नावच टिंगलीतून पडलं. ‘साउंड्स’ साप्ताहिकाने मूस नावाच्या बँडच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना ते वापरलं. गायकाने गाण्याचे शब्द जमिनीवर चिकटवले होते आणि तो खाली बघून गात होता. ‘मेलडी मेकर’ या दुसऱ्या साप्ताहिकाने या मंडळींना ‘स्वतःचाच सत्कार करणारं टोळकं’ अशा अर्थाचं नाव दिलं, कारण हे एकमेकांच्या कार्यक्रमांना जात, एकमेकांबरोबर दारू पीत. म्हणजे मित्र असणं हाही गुन्हा! वर ही सुखवस्तू घरची पोरं, यांना कसलं दुःख, हा आरोप होताच. मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स बँडचा रिची एडवर्ड्‌स तर म्हणाला की त्याला हिटलरपेक्षा स्लोडाइव्हचा जास्त राग येतो. १९९३ मध्ये स्लोडाइव्हचा ‘सूव्लाकी’ अल्बम आला तेव्हा ‘मेलडी मेकर’च्या समीक्षकाने लिहिलं, हे पुन्हा ऐकण्यापेक्षा मी लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मरेन. ज्या अल्बममध्ये ब्रायन ईनोसारख्या नावाजलेल्या संगीतकाराने दोन गाण्यांना हात लावलाय, जो आज सई पाठ म्हणते, त्याच्याबद्दल हे.

पुढचं झटक्यात झालं. तिकडे अमेरिकेत सिअ‍ॅटलचा ग्रंज रॉक, इकडे क्रिएशननेच ओएसिसला घेतलं, आणि १९९४ पासून छाती पुढे काढून गाणाऱ्यांचा, म्हणजे ब्रिटपॉपचा, जमाना आला. १९९५ मध्ये स्लोडाइव्हचा ‘पिगमेलियन’ बाहेर पडला आणि आठवड्याभरात क्रिएशनने त्यांना काढलं. (माझ्या मते तोच त्यांचा सगळ्यात धीट अल्बम. ड्रम जवळजवळ नाहीत, गाणी अर्धी सोडून दिल्यासारखी. तू तो कधी पुरा ऐकला नाहीस, मला माहीत आहे.) राइड १९९६ मध्ये फुटला आणि त्यांचा अँडी बेल काही वर्षांनी ओएसिसमध्येच बास वाजवायला गेला. लश बँडची गोष्ट सगळ्यात वाईट: त्यांचा ड्रमर क्रिस अ‍ॅकलंडने १९९६ मध्ये आत्महत्या केली आणि बँड तिथेच थांबला. त्यांची गायिका-गिटारवादक मिकी बेरेन्यीने २०२२ मध्ये आत्मचरित्र लिहिलंय. त्या ब्रिटपॉपच्या दिवसांत गिटार वाजवणाऱ्या बाईकडे कुठल्या नजरेने बघत, हे त्यात धडधडीत आहे. सईला ते वाचायला दे, पण वहिनींनी आधी चाळलेलं बरं. बालपणाची पानं फार जड आहेत.

आता मजा बघ. ‘साउंड्स’ १९९१ मध्येच बंद पडलं. ‘मेलडी मेकर’ २००० साली ‘एनएमई’ या तिसऱ्या साप्ताहिकात विलीन झालं, आणि ‘एनएमई’चा दर आठवड्याचा छापील अंक २०१८ मध्ये थांबला. ज्यांची लापशीच्या टबात मरायची तयारी होती ते अंक रद्दीत गेले. माय ब्लडी व्हॅलेंटाइनने मध्ये दीड दशक गप्प राहून २००८ मध्ये पुन्हा कार्यक्रम सुरू केले. दारात लोकांच्या हातावर इअरप्लग ठेवत होते. २ फेब्रुवारी २०१३ च्या रात्री एकदम नवा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर टाकला आणि गर्दीने वेबसाइट आडवी झाली. स्लोडाइव्ह २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या प्रिमाव्हेरा महोत्सवात पुन्हा उभे राहिले, २०१७ मध्ये बावीस वर्षांनी नवा अल्बम काढला, आणि २०२३ चा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत गेला. तरुणपणी हे त्यांच्या एकाही अल्बमला जमलं नव्हतं.

मागे लंडनला त्यांचा कार्यक्रम पाहिला. मला वाटलं होतं सगळे आपल्यासारखे, पोट सुटलेले आणि काळे टी-शर्ट घातलेले असतील. ते होते, पण मागे, बारजवळ. पुढच्या रांगांत सईच्या वयाची पोरं-पोरी. त्यांच्या ‘व्हेन द सन हिट्स’ गाण्यामध्ये गिटारी अंगावर येतात ती जागा तुला माहीत आहे. माझ्या शेजारच्या मुलीने त्याच्या दोन मात्रा आधी फोन खिशात टाकला आणि डोळे मिटले. ती जागा तिला आधीपासून ठाऊक होती. गॉसवेल मधूनच हसून हात हलवते, बाकी बोलणं तेवढंच. त्या मुलीला त्याहून जास्त काही नकोच होतं.

या पोरांना १९९१ ची कसली आठवण असणार? तेव्हा त्यांचे आईबापही शाळेत असतील. त्यांना हे टिकटॉकवर एखाद्या पावसाळी खिडकीच्या व्हिडिओमागे सापडलं. मग त्यांनी स्वतः करायला घेतलं. विस्प नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलीने २०२३ मध्ये इंटरनेटवर मिळालेल्या तयार ट्रॅकवर साध्या वायरच्या इअरफोनच्या माइकमध्ये गाऊन ‘युअर फेस’ टाकलं, आणि बघता बघता मोठ्या कंपनीशी करार झाला. दक्षिण कोरियात परान्नूल म्हणून एक जण आहे, नाव-चेहरा लपवून असतो. त्याने २०२१ चा अल्बम घरी बसून केला, त्यातल्या गिटारीसुद्धा सॉफ्टवेअरमधल्या. ना एकोणीस स्टुडिओ, ना अडीच लाख पौंड. आवाज तरी तसाच भरून येतो. ज्यांनी हिणवलं त्यांच्यासाठी न सांगणं हा दोष होता. यांच्यासाठी ती मोकळी जागा आहे. गाणारा आपल्या दुःखाचा तपशील सांगत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला स्वतःचं तिथे ठेवता येतं, मग तो सेऊलचा असो की सदाशिवातला. पूर्वी या दारात एखादा समीक्षक बसलेला असायचा, आता कुणी नाही.

तरी एक सांगतो, मी सगळ्याच नव्या मालावर खूश नाही. अर्ध्याहून जास्त नुसता रिव्हर्ब आहे. पेडल काढून घेतलं तर खाली काहीच उरत नाही. स्लोडाइव्हचं ‘अ‍ॅलिसन’ तू साध्या अकूस्टिकवर वाजव, गाणं उभं राहतं. पंधरा सेकंदांच्या तुकड्यासाठी बांधलेलं गाणं सोळाव्या सेकंदाला कसं उघडं पडतं, ते सईला ऐकून दाखव. रागावेल, पण ऐकेल.

आता खरेदी. जॅझमास्टरचं नाव काढू नका. ट्रेमोलो दांडा असलेली कुठलीही सेकंडहँड गिटार चालेल. तुझी ती धूळ खात पडलेली स्ट्रॅट दे ना तिला. दांडा जरा सैल ठेवा, म्हणजे हातात धरून स्ट्रम करता येईल. महागडी वेगवेगळी पेडलं नकोत, इफेक्टचा क्रम बदलता येणारं एक सेकंडहँड झूमचं मल्टीइफेक्ट, म्हणजे अनेक इफेक्ट एकाच डबीत, पुरे. त्यात एकच खोडी करायची: नेहमी आधी डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा करणारा इफेक्ट) आणि मग रिव्हर्ब लावतात, तो क्रम उलटा करा. रिव्हर्बचं शेपूटच डिस्टॉर्शनमध्ये चिरडलं गेलं की ‘तसला’ आवाज आपोआप येतो, आणि तिला वाटेल काकाला जादू येते. आधी कोरड्या गिटारवर चाल बसवायची, मगच पेडलवर पाय, हा नियम मात्र मोडू देऊ नकोस.

आणि पहिले पैसे इअरप्लगवर घाला, मी थट्टा करत नाही. शील्ड्सला स्वतःला कानात घुंई वाजण्याचा त्रास आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचं ‘यू मेड मी रियलाइज’ हे गाणं कार्यक्रमात मध्येच एका कॉर्डवर थांबतं आणि दहा-पंधरा मिनिटं नुसता गोंगाट चालतो. लोक कान झाकून बाहेर पडतात. सईला ते फार भारी वाटेल. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटणार नाही, तेव्हा हेडफोनचा जॅक आहे का ते दुकानातच बघून घे.

तिने काही रेकॉर्ड केलं की फोनवरचं कच्चंच पाठव. तू मध्ये बसून मिक्सिंग करू नकोस.

तुझा,
निख्या